डोंगरबोडीचा वारा

चार पाऊणे तीन, असं शेजारच्या पोरीनं खिडकीत बसून ठणकावलं आणि वस्तरा माझ्या हनुवटीत घुसला. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढं कापलं असेल. पण हनुवटीचं रक्त ते, थांबायचं नाव घेईना. कमळानं तुरटीचा खडा आणून दिला आणि म्हणाली, ही पोरगी वर्षभर रोज सकाळी पाढे म्हणते, आजच तिनं काय बंदूक उडवली? माझी बायको असंच बोलते. मी म्हटलं, वस्तऱ्याला धार नव्हती. धार चांगली होती, आदल्याच दिवशी लावून आणली होती. तुरटी दाबून मी आरशापुढं उभा राहिलो. पलीकडं पोरगी पुढं गेली होती, पाच पाऊणे पावणेचार, सहा पाऊणे साडेचार, आणि मी तिच्या मागोमाग मनात म्हणत होतो. सात पाऊण्यांपाशी दर वेळी माझी जीभ अडखळते. दोन वर्षं झाली, पाऊणकीचा हा एक पाढा मला ऐकवत नाही. आणि आज तर कचेरीत त्या कागदाला उत्तर द्यायचं होतं. मार्च संपायला दोन दिवस उरले होते. आजच्या टपालानं उत्तर गेलं नाही तर डोंगरबोडीची शाळा सरकारच्या यादीतून कायमची उडणार होती, आणि उत्तर लिहिणारा जगात मी एकटाच होतो.

मी शाळा तपासतो. चांद्याहून छकड्यात बसायचं, जंगलातल्या गावी जायचं, हजेरी मोजायची, पोरांना नदीचं नाव विचारायचं, वहीत शेरा मारायचा आणि परत यायचं. माझ्या शेऱ्यावर मास्तराच्या पगाराची ग्रँट अवलंबून. गावोगाव लोक मला सायेब म्हणतात, खाटेवर नवी सतरंजी टाकतात. कचेरीत मात्र मी नऊ वर्षांपासून हंगामी आहे. कायम होईन होईन म्हणता म्हणता राज्यच बदललं; परवापरवापर्यंत आमची राजधानी नागपूर होती, आता मुंबई. नव्या राज्यात कोण वर आणि कोण खाली याच्या याद्या चालल्या आहेत, आणि बडे बाबू सांगतात की ज्याच्या नावापुढं एक जरी वाकडा शेरा असेल त्यानं आपलं हंगामी मरावं. हे मी का सांगतो आहे? माझी बाजू मांडतो आहे म्हणून. कोणी विचारलेलं नसताना मी रात्रंदिवस माझी बाजू मांडत असतो, जेवताना, अंघोळ करताना, परकोटाच्या कडेनं फिरायला जाताना. इतकी चांगली मांडतो की एखाद्या दिवशी मलाही पटते.

डोंगरबोडी पोंभुर्ण्याच्या पलीकडं, जंगलात. चार घरं शेतकऱ्यांची, बाकी ढिवर. बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, मासोळी धरायची, धान लावायचं, उरल्या दिवसांत मजुरी. गावानं स्वतः माती वाहून शाळेच्या भिंती घातल्या आणि मनसाराम नावाच्या आपल्यातल्याच एका सातवी पास माणसाला मास्तर केलं. पहिली दोन वर्षं मीच त्याला चांगले शेरे दिले. मग पंचावन्न सालच्या मार्चात गेलो तेव्हा शाळेला कडी होती आणि कडीत मोहाची एक डहाळी खोचलेली होती. छकडेवाल्यानं मला तिथंच सांगितलं की सायेब, डहाळी खोचली म्हंजे शाळा मोहाखाली गेली. त्या गावाची रीत ती. मोह पडायला लागला की पहाटेपासून लहानथोर सगळे टोपल्या घेऊन जंगलात; महिनाभर वेचतील तेव्हा पावसाळ्यातलं पोट भरेल. पोरं शाळेत येत नाहीत म्हणून मनसारामनं शाळाच पोरांच्या मागं नेली. फुलं वेचून झाली, ऊन वर आलं की तिथंच झाडाखाली बसवायचा आणि शिकवायचा. याच्यासाठी खरं तर मी त्याच्या पाठीवर थाप मारायला हवी होती. बोडीच्या पाळीपलीकडं मोहाची रांग दिसत होती. चार फर्लांग असेल, पाच असेल. तिकडं कुणी मोहाखालचा पाला जाळून जमीन साफ करत होतं, आणि तो धूर थेट शाळेच्या ओसरीवर येत होता. माझे डोळे चुरचुरले. मी रुमालानं पुसले. आणि धुरासोबत आवाज येत होता. एक पाऊणे पाऊण, दोन पाऊणे दीड. पंचवीस-तीस पोरांचा आवाज, सगळ्यांत मागं रेंगाळणारा एका पोरीचा, जरा चिरका. सात पाऊण्यांपाशी ती पोरगी चुकली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

मी गेलो नाही. काऊन गेलो नाही? कमळाच्या भावाच्या लग्नात घेतलेले बूट घालून मी दौऱ्यावर निघालो होतो, कारण गेल्या खेपेला एका गावात माझ्या जुन्या चपलेकडं पाहून पोरं हसली होती. बूट टाचेला चावत होते. ओसरीवर बसल्या बसल्या मी ते काढले, मोजेही काढले, आणि तिथंच फसलो. पाय सुजून भाकरीसारखे फुगले होते, ते पुन्हा बुटात जाईनात. एकदा घालून पाहिला, डोळ्यांत पाणी आलं. छकडा घेऊन जावं तर मध्ये धानाच्या बांध्या. अनवाणी जावं तर सरकारी तपासनीस हातात बूट धरून, फोड आलेले पाय टाकत पोरांपुढं उभा राहणार. पोरं पुन्हा हसली असती. इतकीच गोष्ट आहे. मी पुढं स्वतःला अस्वलांची भीती सांगितली, कारण मोहाला अस्वलं येतात हे खरं आहे, उन्हाची सांगितली, दुसऱ्या गावाला पोचायचं होतं म्हणून सांगितली. अस्वलं त्या वेळी झोपलेली असतात आणि दुसऱ्या गावाला मी गेलोच नाही. अर्धा तास मी ओसरीवर पाय पसरून पाऊणकी ऐकली, दोन वेळा संपूर्ण, आणि मग वही मांडीवर घेऊन लिहिलं: शाळा बंद आढळली, मास्तर व मुले गैरहजर. लिहिताना राग मास्तरचा आला होता. काय गरज होती लेकाच्याला शाळा हलवायची? मी परत येऊन दुरुस्त करीन, असंही वाटलं होतं. चांद्याला आल्यावर पाय आठवडाभर ठणकत होते आणि वही बाबूंकडं गेली होती.

ग्रँट बंद झाली. मनसारामनं अर्ज केला. अर्ज नागपूरला गेला, नागपूरनं खुलासा मागवला, खुलासा पाठवला तो कुठल्या टेबलावर पडला देव जाणे, आणि मग राज्य मोडलं. फायली पेटाऱ्यांत भरून इकडच्या तिकडं झाल्या. मी मनातून खूश होतो, इतक्या ढिगात एक कागद हरवायला काय लागतं? पण जिथं हजार कागद हरवले तिथं हा एक परत आला, गेल्या महिन्यात, वर चार कचेऱ्यांचे शिक्के घेऊन. खाली कोणा नव्या अधिकाऱ्यानं स्वच्छ अक्षरात विचारलं होतं: शाळा बंद होती की अन्यत्र भरली होती? तपासनीसाने स्वतः काय पाहिले व ऐकले ते लिहावे. तो ‘ऐकले’ शब्द वाचून माझ्या तोंडचं पाणी पळालं. सहज लिहिला असेल बिचाऱ्यानं. खाली तीन ओळींत नियम होता. शाळा बंदच होती असं असेल तर मान्यता रद्द. शाळा दुसरीकडं भरली होती पण तपासनीसाला ते कळणं शक्य नव्हतं असं असेल तर ग्रँट यापुढं चालू. आणि शेरा तपासनीसाच्या चुकीनं पडला असेल तर मागच्या दोन वर्षांचं सगळं द्यावं आणि तपासनीसाचं नाव वेगळ्या कागदावर कळवावं. महिनाभर तो कागद माझ्या खणात होता. खण उघडला की दिसायचा, म्हणून मी टाक-दौत टेबलावर ठेवायला लागलो.

कचेरीत पोचलो तर शिपाई इस्तारी दारातच म्हणाला, सायेब, डोंगरबोडीचे मास्तर सकाळपासून बाकावर बसून आहेत. मी पाहिलं. मनसाराम इतका वाळला होता की मला आधी त्याचा थोरला भाऊ आल्यासारखं वाटलं. सदरा धुतलेला, खांद्यावर फाटलेला, पाय धुळीनं पांढरे, अनवाणी. मला पाहून उठला, रामराम घातला. बांबूच्या ट्रकवर बसून रात्री आला होता आणि जटपुऱ्याच्या वेशीत झोपला होता. मी विचारलं, शाळा? तर म्हणाला, चालू आहे जी, डहाळी खोचून आलो, मोठ्या पोरी लहान्यायले पाढे देऊन राह्यल्या. दोन वर्षं बिनपगारी. खातो काय, असं मी विचारलं नाही, पण इस्तारीनं विचारलं असावं, कारण थोड्या वेळानं पाणी ठेवता ठेवता त्यानं मला सगळं सांगितलं, मी न विचारता. गाव त्याला सुकवलेला मोह देतं, बोडीच्या मासोळीत एक वाटा देतं. एका माणसाचं भागतं, दोघांचं नाही. म्हणून बायको देवकाबाई राजुऱ्याला भावाकडं राहते आणि कोळशाच्या खाणीवर टोपलं उचलते. मागच्या पावसात मास्तरचं घर बसलं, तेव्हापासून तो शाळेतच झोपतो. मागचे दोन वर्षांचे पैसे मिळाले तर घर उभं करून तिला आणीन म्हणतो. इस्तारी हे सांगताना माझ्याकडं पाहत नव्हता, पेल्याकडं पाहत होता. मी त्याला कामाला जा म्हटलं.

मग मी लिहिलं. खरंच लिहिलं. तपासणीच्या दिवशी शाळा मोहाखाली भरली होती. मुलांचा आवाज मी स्वतः ऐकला. मी तिथे गेलो नाही. माझा शेरा खोटा आहे. चार वाक्यं, टाक एकदाही अडला नाही. लिहून झाल्यावर छाती हलकी झाली, आणि लगेच, लाज वाटते सांगायला, मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं. आपण काही अगदीच हे नाही. कमळाला संध्याकाळी कसं सांगायचं तेही ठरवलं. ती आधी चिडेल, मग गप्प होईल, मग पानात जरा जास्त तूप वाढेल. कायम नाही झालो तर नाही. फार तर काय, गडचिरोलीच्या आत कुठंतरी टाकतील. शेजारची पोरगी उद्या पाऊणकी म्हणेल आणि माझा वस्तरा सरळ खाली जाईल. शाई वाळेपर्यंत मी हे सगळं जगून घेतलं. मग इस्तारीला सांगून मास्तरला आत बोलावलं. त्याला वाचून दाखवणार होतो. खरं सांगायचं तर त्याचा चेहरा पाहायचा होता मला.

तो आत आला आणि खुर्ची दाखवली तरी उभाच राहिला. त्याच्या अंगाला मासोळीचा आणि धुराचा वास होता. मी कागद हातात घेतला, खाकरलो, तेवढ्यात तो म्हणाला, “सायेब, एक इचारू का जी? दोन वर्सांपासून मनात आहे.”

मी म्हटलं, विचारा.

“त्या दिवशी वारं कोनीकडून होतं जी?”

मला कळलं नाही. म्हणजे कळलं, पण मी न कळल्यासारखा बघत राहिलो.

“आमी पाह्यलं होतं तुमाले,” तो म्हणाला. “छकडा दिसला, तुमची पांढरी टोपी दिसली ओसरीवर. मी पोट्ट्यायले म्हटलं, सायेब आले, जोरानं म्हना, आवाजावर येतीन. पाऊणकी दोनदा म्हनवली. गळे बसले पोट्ट्यायचे. तुमी काई आले नाई. मंग पोट्टे रडाले लागले त मी म्हटलं, वारं उलटं असंन. सायेबाले ऐकूच नाई गेलं. ऐकू गेलं असतं त सायेब आले नसते काय?”

मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. एखादा लबाड माणूस असं बोलला असता तर मी त्याचे पाय धरले असते. हा मला चिमटा काढतो आहे, याला सगळं ठाऊक आहे, असं काहीतरी मी शोधत होतो. काही नव्हतं. दोन वर्षं त्या माणसानं बसून माझी बाजू मांडली होती, माझ्यापेक्षा चांगली. अस्वलं नाही, ऊन नाही, वारा. मला हे सुचलंच नव्हतं. वारा कुणाला विचारता येत नाही. वाऱ्याची साक्ष काढता येत नाही. नियमाच्या तीन ओळींतल्या मधल्या ओळीत तो असा बसत होता की जणू त्या नव्या अधिकाऱ्यानं ती ओळ वाऱ्यासाठीच मोकळी ठेवली होती. शाळा वाचते. मास्तरला पुढचा पगार मिळतो. माझं नाव वेगळ्या कागदावर जात नाही. हातातला कागद मी खाली केला. त्याला अजून काही सांगितलं नव्हतं, त्यामुळं काही परत घ्यायचंही नव्हतं.

“उलटंच होतं, मास्तर,” मी म्हणालो.

त्याचा जीव भांड्यात पडल्याचं मला दिसलं. इतका वेळ जे मला त्याच्या चेहऱ्यावर पाहायचं होतं ते मला असं पाहायला मिळालं. मी नवा कागद घेतला आणि लिहिलं की शाळा मोहाखाली भरली असल्याचं आता समजतं, परंतु वारा विरुद्ध दिशेनं असल्यामुळं मुलांचा आवाज तपासनीसापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. टाक दोनदा अडला. पहिला कागद मी चार घड्या करून कोटाच्या खिशात ठेवला. फाडायचा तर त्याच्या देखत कसा फाडणार?

तो विचारत होता, मागचं भेटन काय जी. मी सांगितलं की नाही, यापुढचं मिळेल, एप्रिलपासून. त्यानं बोटावर काहीतरी मोजलं, मग ते सोडून दिलं. त्या बोटांवर राजुरा होतं, खाण होती, बसलेलं घर होतं, हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं. माझं तोंड मला न विचारता बोललं.

“तपासणाऱ्याची चूक असती तर मागचंही मिळालं असतं.”

“तुमची कायची चूक जी,” तो लगेच म्हणाला, जणू मीच दुखावलो होतो. “वाऱ्याची.”

इस्तारी टपालाची थैली घेऊन दारात उभा होता. मी कागद पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं, त्याच्या हातात दिलं. मनसाराम मात्र हलेना. त्याला आणखी एक हवं होतं. मागायला लाजत होता, पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होता. मी म्हटलं, बोला. तर म्हणाला, याचीच एक नक्कल भेटन काय, शिक्क्याची? मी विचारलं, कशाला?

“सुकरी म्हनून पोट्टी आहे जी, चौथीत. दोन वर्सांपासून माह्याशी भांडून राह्यली. म्हन्ते, गुरुजी, वारं उलटं नव्हतं, पाल्याचा धूर शाळेकडं जाऊन राह्यला होता, मी सोता पाह्यला. बाकीचे पोट्टेई आता तिचंच खरं म्हन्तेत. म्हन्तेत, सायेबानं ऐकलं अन् आले नाई. मी लय समजावलं, आयकत नाई. सात पाऊण्यांत चुकते, पन याच्यात आपला हेका सोडत नाई.” तो हसला. “आता सुकरी तुमचा कागद पाहीन त गप होईन. सरकारी कागदच म्हन्ते म्हंजे झालं.”

माझ्या डोळ्यांत तो धूर पुन्हा चुरचुरला. मी रुमाल काढला, चष्म्याची काच पुसली, आणि कोरा कागद पुढं ओढला. आतापर्यंत मी शाळा घेतली होती आणि शाळा परत दिली होती, देवकाबाईची दोन वर्षं घेतली होती आणि ती दिली नव्हती. हे सगळं एका परीनं कागदावरचं होतं. आता एका पोरीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं, दोन वर्षं मास्तरपुढं धरून ठेवलेलं, तेवढं उरलं होतं. खिशातली घडी छातीशी टोचत होती. नाही म्हणता आलं असतं. नक्कल देण्याचा नियम नाही, एवढं म्हटलं असतं तरी तो रामराम घालून गेला असता. पण मग तो विचारात पडला असता, इतक्याशा कागदाला सायेब नाही काऊन म्हणाले. मी नक्कल लिहिली. अक्षर मोठं काढा जी, असं तो म्हणाला, म्हणून मोठं काढलं. टीपकागद दाबला, तारीख टाकली, शिक्का मारला. त्यानं तो कागद दोन्ही हातांनी घेतला आणि प्रसादासारखा कपाळाला लावला.

“मुलांना वाचून दाखवाल?” मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

“मी काऊन जी? सुकरीलेच वाचाले लावतो,” तो म्हणाला. “चांगली वाचते.”